चिझिकचं घर: लंडनमधल्या स्त्रियांच्या निवाऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या मारझोडीतून बाहेर पडलेल्या बाईसाठी निवारा कसा उभा करायचा, हे विचारणारे कार्यकर्ते, समाजकार्याचे विद्यार्थी आणि लेक इंग्लंडला दिलेले आईवडील यांच्याकडून चिझिकबद्दल पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. तातडीची मदत हवी असेल तर थेट शेवटच्या प्रश्नाकडे जा.

चिझिकचं घर म्हणजे नेमकं काय?

चिझिक ही पश्चिम लंडनमधली, थेम्सच्या काठची वस्ती. १९७१ मध्ये तिथल्या काही बायकांनी बेलमाँट टेरेस इथल्या दोन क्रमांकाच्या पडक्या घरात एक केंद्र सुरू केलं. खाली दोन आणि वर दोन अशा चारच खोल्या होत्या. नवऱ्याचा मार असह्य झालेल्या बायका मुलांना घेऊन तिथे येऊ लागल्या आणि राहू लागल्या. काही वर्षांत मोठं घर आलं, मग आणखी घरं, चोवीस तास चालणारा फोन आणि वकिली मदत. आज हीच संस्था ‘रेफ्यूज’ या नावाने ओळखली जाते. या क्षेत्रातल्या ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या संस्थांमध्ये ती मोडते.

सुरुवातीपासून निवारा काढायचाच बेत होता का?

नाही, आणि आपल्यासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. हे केंद्र सुरू करण्यात पुढे असलेल्या एरिन पिझी आणि त्यांच्या ओळखीच्या बायका घरात लहान मुलं सांभाळत दिवसभर एकट्या असायच्या. चार जणींनी एकत्र बसावं, चहा घ्यावा, मुलांना खेळू द्यावं, भाड्याचे आणि सरकारी भत्त्यांचे अर्ज एकमेकींना समजावून सांगावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. हाउन्स्लो कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने, वापरात नसलेलं घर त्यांना नाममात्र भाड्याने दिलं. बायकांनीच ते झाडून, रंगवून राहण्याजोगं केलं.

मग एक बाई आली आणि तिने अंगावरचे वळ दाखवले. तिला घरी परत पाठवणं शक्य नव्हतं. तिच्या पाठोपाठ दुसरी आली, तिसरी आली. केंद्राचा निवारा झाला तो असा, कुणी ठराव न करता.

मार खाणारी बाई ‘पीडित महिला केंद्र’ अशी पाटी लावलेल्या दारात सहसा पाऊल टाकत नाही. गल्लीतलं कुणी बघेल, सासरी कळेल, याची तिला धास्ती असते. चहाला, शिवणाला, बचत गटाच्या बैठकीला मात्र ती जाऊ शकते, कारण घरी तसं सांगता येतं. चिझिकचं दार साधं होतं म्हणून ती पहिली बाई आत येऊ शकली. गावोगावच्या महिला मंडळांकडे असं दार आजही आहे. तिथे बसलेल्या एखादीला पुढे काय करायचं हे माहीत असलं, तर फार मोठं काम होईल.

त्याआधी अशा बायका जायच्या कुठे?

बहुतेक जणी कुठेच जात नव्हत्या. पोलीस आले तरी ‘नवरा-बायकोचं भांडण आहे’ म्हणून परत जायचे. आपल्याकडे एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेऊन बाईला घरी पाठवतात, त्याच जातीचा हा प्रकार. कोर्टाकडून नवऱ्याला दूर ठेवण्याचा आदेश मिळू शकत होता, पण त्यासाठी घटस्फोटासारखा दुसरा दावा आधी दाखल करावा लागायचा. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या बाईला ती वाटही जवळपास बंद होती.

कौन्सिलकडे घर मागायला गेलं तर उत्तर मिळायचं की तुमचं घर आहेच, ते तुम्ही आपणहून सोडलंत. मुलांना सरकारी देखरेखीखाली ठेवू, तुमची सोय तुम्ही बघा, असंही सांगितलं जायचं. मुलं हिरावली जातील या भीतीने कितीतरी जणी मार खात राहिल्या. बाई ‘का सोडून जात नाही’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाने हे आधी समजून घ्यावं. जायला जागा नव्हती, आणि गेलं तर मुलं जाणार होती.

हे जगातलं पहिलं असं घर होतं का?

आधुनिक काळातल्या पहिल्या घरांपैकी एक, असं म्हणणं योग्य. अमेरिकेत पॅसाडेनाला ‘हेवन हाउस’ १९६४ पासून होतं, दारुड्या नवऱ्यांच्या बायकांसाठी. चिझिकची बातमी झाली आणि कल्पना देशोदेशी पोहोचली, हे तिचं वेगळेपण. १९७४ या एकाच वर्षात सिडनीत बायकांनी रिकाम्या घराचा ताबा घेऊन ‘एल्सी’ सुरू केलं, ॲम्स्टरडॅममध्ये निवारा उघडला आणि अमेरिकेत सेंट पॉल शहरातल्या बायकांनीही घर उघडलं.

मराठी वाचक इथे हमखास विचारतात, ‘मग आपल्या फुल्यांचं काय?’ प्रश्न रास्त आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं. ती घरं प्रामुख्याने विधवांसाठी होती. नवरा जिवंत आहे, लग्न शाबूत आहे आणि तरीही बाईला घराबाहेर आसरा हवा आहे, हे समाजाने मान्य करायला पुढे आणखी बराच काळ जावा लागला. तरी दार उघडं ठेवायची हिंमत आपल्या मातीत आधीपासून होती, याचा मला अभिमान वाटतो.

चार खोल्यांत इतकी माणसं राहायची कशी?

दाटीवाटीने. जमिनीवर गाद्या टाकून, जिन्यात, एका खोलीत तीन-चार कुटुंबं. दारात आलेल्या कुणालाही परत पाठवायचं नाही, हा चिझिकचा नियम होता. त्याची किंमत आत राहणाऱ्यांनी मोजली: संडासासमोर रांगा, रात्रभर रडणारी मुलं, एकीच्या मुलाला गोवर आला की सगळ्यांच्या मुलांना. हे दिवस सुंदर होते असं कुणी रंगवून सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण ज्या बायका तिथे राहिल्या, त्यांना दार उघडलं गेलं हेच पहिल्यांदा अनुभवायला मिळत होतं.

१९७४ च्या सुमारास चिझिक हाय रोडवर मोठं घर मिळालं. तेही बघता बघता भरलं. १९७५ मध्ये तर रिचमंडमधल्या ‘पाम कोर्ट’ या रिकाम्या पडलेल्या हॉटेलात बायका-मुलांनी शिरून ताबा घेतला.

पालिकेने निवाऱ्यावर खटला भरला हे खरं का?

खरं आहे, आणि निवारा चालवू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा खटला समजून घ्यावा. हाय रोडच्या घरात ३६ पेक्षा जास्त माणसं ठेवायची नाहीत, अशी मर्यादा कौन्सिलने घातली होती. तपासणीला अधिकारी आले तेव्हा आत ७५ जण होते. एरिन पिझींवर खटला झाला आणि तो हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे त्या वेळच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला.

पिझींचा बचाव ऐकण्यासारखा होता. माणसांच्या संख्येची मर्यादा अनेक कुटुंबं राहतात अशा घराला लागू होते. आम्ही सगळ्या मिळून एकच कुटुंब आहोत, एकत्र स्वयंपाक करतो, एकत्र राहतो, असं त्यांचं म्हणणं. १९७७ मध्ये न्यायाधीशांनी ते अमान्य केलं. इतकी माणसं, तीही रोज बदलणारी, कधी येतील आणि कधी जातील याचा नेम नाही. याला एक कुटुंब म्हणता येणार नाही, असा निकाल लागला.

कायद्याच्या अंगाने निकाल बरोबर असेलही. आग लागली असती तर जिन्यात झोपलेली मुलं बाहेर कशी पडली असती, हा विचार अधिकाऱ्यांनी करायलाच हवा होता. पण ३६ जण आत ठेवून उरलेल्या ३९ जणांनी त्या रात्री कुठे जायचं होतं, याचं उत्तर कौन्सिलकडे नव्हतं. गर्दी हा निवाऱ्याचा गुन्हा मानला गेला. ती बाहेर किती घरांत काय चाललं आहे याची मोजणी होती. त्या काळातल्या कुठल्याही सरकारी कागदापेक्षा त्या ७५ माणसांनी जास्त सांगितलं.

आत दिवस कसा जायचा?

घर बायकाच चालवायच्या. स्वयंपाक, सफाई, मुलं सांभाळणं, फोन उचलणं याच्या पाळ्या लागायच्या. सगळ्यांची बैठक व्हायची, त्यात भांडणं निघायची, नियम ठरायचे. काल रात्री आलेली बाई आज फोनवर दुसरीला पत्ता समजावून सांगत असायची. ज्या बाईला घरात भाजी कुठली करायची हेही विचारून ठरवावं लागत होतं, तिला इथे सगळ्यांसमोर मत द्यावं लागे. सुरुवातीला बऱ्याच जणींना ते जमत नसे.

मुलांसाठी खेळघर होतं आणि तिथे पुरुष कर्मचारी मुद्दाम नेमले होते. आवाज न चढवणारा, हात न उगारणारा पुरुष मुलांनी पाहिलेलाच नसतो, तो त्यांना रोज दिसावा, अशी त्यामागची भूमिका. त्या वेळच्या चळवळीतल्या अनेकींना ते पटलं नाही. मला स्वतःला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो, विशेषतः मुलग्यांसाठी.

पैसे कुठून यायचे?

देणग्या, सरकारी अनुदानं आणि राहणाऱ्या बायकांना मिळणारा सामाजिक भत्ता. पुढे ब्रिटनमधल्या निवाऱ्यांचं अर्थकारण मुख्यतः घरभाडे भत्त्यावर उभं राहिलं: बाई निवाऱ्यात राहते, तिच्या नावावर भाडं लागतं आणि सरकारी भत्त्यातून ते भरलं जातं. इमारतीचा खर्च असा निघतो, पण समुपदेशक, मुलांसोबत काम करणाऱ्या ताई, वकील यांच्या पगारासाठी स्थानिक कौन्सिलच्या अनुदानावर अवलंबून राहावं लागतं. २०१० नंतर कौन्सिलांचे पैसे आटले तेव्हा अनेक निवारे अडचणीत आले.

या रचनेचा एक कडू परिणाम फारसा बोलला जात नाही. नोकरी करणाऱ्या बाईला भत्ता कमी मिळतो किंवा मिळतच नाही, आणि निवाऱ्याचं भाडं साध्या भाड्यापेक्षा बरंच जास्त असतं. म्हणजे स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई निवाऱ्यात यायला नोकरी सोडते. पैशाची रचना ठरवताना हे आधीच ओळखायला हवं.

बाकीचे निवारे चिझिकच्याच शाखा होत्या का?

नाही. चिझिकचं ऐकून गावोगावच्या बायकांनी आपापली घरं काढली. १९७४-७५ मध्ये त्यांचा राष्ट्रीय महासंघ झाला, स्कॉटलंड आणि वेल्सच्या वेगळ्या संघटना झाल्या. चिझिक मात्र महासंघात गेलं नाही. महासंघातल्या गटांना सगळे निर्णय सामूहिक हवे होते, एकाच व्यक्तीचा चेहरा नको होता, आणि हिंसेचं मूळ स्त्री-पुरुषांच्या असमान सत्तेत आहे अशी त्यांची ठाम मांडणी होती. पिझींना ती मान्य नव्हती.

फुटीचा त्रास झाला, पण वाढीच्या दृष्टीने पाहिलं तर एका मोठ्या संस्थेच्या शंभर शाखा होण्यापेक्षा स्वतंत्र गटांची शंभर घरं उभी राहणं हेच चांगलं झालं. प्रत्येक गावातल्या गटाला तिथले पोलीस, तिथलं कौन्सिल, तिथली बस कुठून सुटते हे माहीत होतं.

एरिन पिझींच्या नंतरच्या मतांमुळे इतका वाद का?

काही स्त्रिया हिंसक नात्यांकडे ओढल्या जातात आणि स्त्रियाही पुरुषांइतक्याच हिंसक असू शकतात, असं त्या मांडू लागल्या. पुढे पुरुषांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या गटांबरोबर त्या उभ्या राहिल्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी चिझिक सोडलं. मला त्यांची ती मांडणी पटत नाही. निवाऱ्यात आलेल्या बाईच्या स्वभावात कारण शोधू लागलो की मारणारा आपोआप सुटतो. तरीही १९७१ मध्ये त्यांनी दार उघडलं आणि ते बंद करायला नकार दिला, हे कुणालाही पुसता येणार नाही.

१९८३ पासून सँड्रा हॉर्ली यांनी संस्था सांभाळली, ती २०२० पर्यंत. गाद्यांवर दाटीवाटीने झोपणाऱ्या घराचं, प्रशिक्षित कर्मचारी असलेल्या अनेक लहान घरांत रूपांतर झालं ते या काळात. १९९३ मध्ये संस्थेचं नाव ‘रेफ्यूज’ झालं. स्थापनेची गोष्ट सगळे सांगतात, सदतीस वर्षं रोजचं काम चालवणाऱ्या बाईंबद्दल कुणी विचारत नाही. प्रशिक्षणात मी त्यांचं नाव आवर्जून घेते.

कायद्यावर या घराचा काय परिणाम झाला?

माझ्या मते चिझिकची खरी वाढ इथे आहे. १९७३ मध्ये जॅक ॲशली या मजूर पक्षाच्या खासदारांनी मार खाणाऱ्या बायकांचा विषय संसदेत मांडला. १९७५ मध्ये वैवाहिक हिंसेवर संसदेची खास समिती बसली आणि पिझींनीही तिच्यासमोर साक्ष दिली. १९७६ च्या कायद्याने घटस्फोटाचा दावा न करताही संरक्षणाचा आदेश मागता येऊ लागला, लग्नाशिवाय राहणाऱ्या बाईलाही. आदेशाला अटकेचा अधिकार जोडता येऊ लागला, त्यामुळे पोलिसांना हात झटकणं अवघड झालं.

१९७७ च्या बेघरांविषयीच्या कायद्याने कौन्सिलवर जबाबदारी टाकली. हिंसेमुळे घर सोडलेल्या, लेकुरवाळ्या बाईला ‘तू आपणहून घर सोडलंस’ असं म्हणण्याची वाट त्याने बरीच बंद केली. हा कायदा नसता तर निवारे कायमचे तुंबलेलेच राहिले असते. आत आलेल्या बाईला पुढे जायला घरच नसेल, तर तिची खाट रिकामी होत नाही आणि दारातली पुढची बाई बाहेरच राहते.

चिझिकमध्ये आसरा घेतलेल्या एका तरुण आईचा खटला १९७८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गाजला. कौन्सिलचं घर तिच्या आणि जोडीदाराच्या दोघांच्या नावावर होतं. भाडेकरूच असलेल्या माणसाला त्याच्याच घरातून बाहेर काढता येईल का, हा प्रश्न होता. काढता येईल, असं न्यायालयाने ठरवलं. बाई आणि मुलाची सुरक्षितता त्याच्या घरावरच्या हक्काच्या आधी येते. आपल्याकडच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यातलं कलम १९ वाचताना मला हा निकाल नेहमी आठवतो, कारण त्यातही मारणाऱ्यालाच घराबाहेर जायला सांगता येतं.

निवाऱ्याचा पत्ता गुप्त का ठेवतात? चिझिकचा तर वर्तमानपत्रात छापून यायचा.

सुरुवातीला पत्ता उघड असल्यामुळे बायका पोहोचू शकल्या, आणि नवरेही पोहोचले. दारावर धडका देणारे, खिडक्या फोडणारे. अनुभवातून बहुतेक निवाऱ्यांनी पत्ता लपवायचं ठरवलं आणि बाईला तिच्या भागापासून दूरच्या निवाऱ्यात पाठवायची रीत पडली. १९८५ मध्ये लंडनच्या ब्रेंट भागातल्या आशियाई स्त्रियांच्या निवाऱ्यात शिरून एका माणसाने आपल्या बायकोचा खून केला. त्यानंतर पत्त्याची गुप्तता हा किती जिवावरचा प्रश्न आहे, हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

आता फोनचं ठिकाण शोधणारी ॲप, मुलांच्या टॅबलेटमधलं खातं, शाळा बदलल्याचा कागद, यांतूनही पत्ता फुटतो. त्यामुळे निवाऱ्यात आल्यावर पहिलं काम फोन तपासण्याचं असतं.

भारतीय स्त्रियांसाठी वेगळे निवारे का लागले? सगळ्यांबरोबर राहता आलं नसतं का?

राहता आलं असतं, पण टिकता आलं नाही. भाषा येत नाही, स्वयंपाकघरात सगळ्यांचं एकच पातेलं, वंशद्वेषी टोमणे, आणि ‘तुमच्यात असंच चालतं ना?’ असा भाव. एवढं सोसून राहण्यापेक्षा अनेक जणी परत गेल्या. सासूचा जाच, दिराची दमदाटी, माहेरच्यांनी ‘नांदून घे’ म्हणणं, ही हिंसा नवरा-बायको या दोघांपुरत्या चौकटीत बसत नव्हती. म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून आशियाई स्त्रियांनी आपले निवारे काढले. लंडनच्या साउथॉल भागात १९७९ मध्ये ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ ही संघटना उभी राहिली. ती निवारा म्हणून ओळखली जात नाही, पण सल्ला, खटले आणि धोरणं बदलण्याचं तिचं काम अनेक निवाऱ्यांइतकं मोलाचं आहे.

सगळ्यांत मोठा अडसर व्हिसाचा. नवऱ्याच्या आधाराने आलेल्या बाईला ‘सार्वजनिक निधीचा हक्क नाही’ असा शिक्का लागतो. भत्ता नाही म्हणजे निवाऱ्याचं भाडं नाही, म्हणून जागा असूनही निवारा तिला घ्यायला कचरतो. नवऱ्याला सोडलं तर मायदेशी पाठवतील, आणि मायदेशी बदनामी होईल, या दोन्ही भीती नवरे पुरेपूर वापरतात. सततच्या पाठपुराव्याने १९९९ मध्ये हिंसाग्रस्त पत्नीला स्वतःच्या बळावर राहण्याची सवलत मिळाली, २००२ मध्ये ती नियमांत आली, आणि २०१२ पासून अर्जाचा निकाल लागेपर्यंत भत्ता घेता येऊ लागला. नियम बदलत असतात आणि प्रत्येक व्हिसाला ते सारखे लागू होत नाहीत. तेव्हा नवऱ्याच्या किंवा ओळखीच्या एजंटच्या शब्दावर विसंबू नका, अशा संस्थेतल्या वकिलालाच विचारा.

निवाऱ्यात मुलगे ठेवता येतात का?

लहान असतील तर हो. किशोरवयीन मुलग्यांना बऱ्याच ठिकाणी प्रवेश मिळत नाही, तिथेही आणि इथेही. आपल्या स्वाधार गृहांच्या नियमांत मुलग्यांसाठी वयाची मर्यादा अवघी आठ वर्षांची होती. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कुठे सोडणार, म्हणून आई मार खात राहते, हे मी फार वेळा ऐकलं आहे. जिथे स्वतंत्र खोली किंवा छोटा फ्लॅट देता येतो, तिथे हा प्रश्न सुटतो.

बाई परत नवऱ्याकडे गेली तर सगळं वाया जातं का?

अजिबात नाही. चिझिकमध्ये बायका जायच्या, यायच्या, पुन्हा जायच्या. कायमचं सुटण्याआधी परत जाणं हे नेहमीचं आहे. मुलांची शाळा, पैशांची चणचण, त्याने मागितलेली माफी, आईचा फोन. यातलं प्रत्येक कारण खरं असतं. परत जाताना तिला फोन नंबर पाठ असेल, कागद कुठे ठेवायचे हे कळलेलं असेल आणि पुन्हा आल्यावर कुणी तोंड वाकडं करणार नाही याची खात्री असेल, तर तो मुक्काम कामी आला. जी संस्था दुसऱ्यांदा आलेल्या बाईला ‘तेव्हा सांगितलं होतं ना’ म्हणते, तिथे ती तिसऱ्यांदा येत नाही.

एका गावाला किती जागा पुरेत?

ब्रिटिश संसदेच्या समितीने १९७५ मध्येच एक माप दिलं: दर १०,००० लोकसंख्येमागे एका कुटुंबाची जागा. युरोपात आजही तेच माप धरतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांवर होती. या हिशेबाने राज्यात सव्वाअकरा हजार कुटुंबांच्या जागा हव्यात, एकट्या पुणे जिल्ह्यात ९४० हून जास्त. तुमच्या तालुक्याची लोकसंख्या घ्या, १०,००० ने भागा आणि तो आकडा घेऊन जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना भेटा. मागणीपत्रात हा हिशेब असला की बोलणं भावनेवरून नियोजनावर येतं.

आपल्याकडे असं घर काढायचं तर सुरुवात कुठून करावी?

इमारतीपासून करू नका. आधी तालुक्यात आज काय आहे ते पाहा. संरक्षण अधिकारी, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेले अधिकारी, कोण आहेत? ‘सखी’ वन स्टॉप सेंटर, म्हणजे हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र, किती लांब आहे? तिथे साधारण पाच दिवसच राहता येतं, मग बाई पुढे कुठे जाते? जवळचं शक्ती सदन (पूर्वीचं स्वाधार गृह) कोणतं, तिथे मुलं घेतात का? कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ६ नुसार बाईने स्वतः किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने किंवा सेवा पुरवणाऱ्या संस्थेने सांगितल्यास निवारागृहाने बाईला आसरा देणं बंधनकारक आहे. हे अनेक निवारागृहांच्या अधीक्षकांनाही ठाऊक नसतं.

महाराष्ट्रात शिकण्यासारखं बरंच आहे. मुंबई पोलिसांबरोबर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये सुरू केलेला विशेष कक्ष पुढे राज्यभर पोहोचला. बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही आरोग्यविषयक संशोधन संस्था यांनी २००० च्या सुमारास सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्रात बाईला तातडीने घरी पाठवणं धोक्याचं असेल तर रुग्णालयातच दाखल करून घेता येतं. एखाद-दोन रात्रीचा हा आसरा ग्रामीण रुग्णालयांतही देता येईल. त्याला नवी इमारत लागत नाही. एक खाट, एक समजूतदार सिस्टर आणि डॉक्टरांची तयारी लागते.

निवारा उभा राहिलाच, तर पहिल्या दिवसापासून दोन नोंदी ठेवा: किती जणींना जागा दिली आणि किती जणींना जागेअभावी परत पाठवावं लागलं. पहिली नोंद सगळे ठेवतात. अनुदान वाढवून घ्यायला दुसरी उपयोगी पडते.

मला किंवा माझ्या ओळखीच्या मुलीला आत्ता मदत हवी आहे. काय करू?

भारतात असाल तर महिला हेल्पलाइन १८१, जिवाला धोका असेल तर ११२. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करायला वकील लागत नाही. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा तुमचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

ब्रिटनमध्ये असाल तर धोक्याच्या वेळी ९९९. मोबाइलवरून बोलता येत नसेल तर फोन जोडल्यावर सूचना ऐकून ५५ दाबा, म्हणजे कॉल पोलिसांकडे जातो. रेफ्यूजची राष्ट्रीय हेल्पलाइन ०८०८ २००० २४७, चोवीस तास आणि मोफत. इंग्रजी जमत नसेल तर दुभाषी मागा.

निघायचं ठरलं तर पासपोर्ट, व्हिसाचे कागद किंवा आधार, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक, दवाखान्याचे कागद, रोजची औषधं आणि स्त्रीधनाचे फोटो विश्वासातल्या कुणाकडे आधीच नेऊन ठेवा. ज्या फोनवर नवऱ्याची नजर असते त्यावरून ही माहिती शोधू नका, शेजारणीचा किंवा कामाच्या ठिकाणचा फोन वापरा. कागद मिळाले नाहीत तरी थांबू नका. ते नंतर पोलिसांच्या किंवा कोर्टाच्या मदतीने आणता येतात.